बिअरमध्ये मला फक्त बिअरच लागते. बाकीच्यांना केळं, लवंग, बिस्किट कुठून सापडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर पुण्यातल्या मायक्रोब्रूअरींत जाताय, मित्र ग्लास नाकाशी नेऊन "केळं आहे, मागून लवंग येते" म्हणतात, आणि तुम्हाला मात्र 'थंड, कडवट, बरी' यापलीकडे काही सुचत नाही. नाकातच दोष आहे का, आणि सरावासाठी ती वासांच्या कुप्यांची महागडी पेटी मागवावी का, असं तुम्ही विचारलंय. मी चौदा वर्षं बिअर बनवतोय आणि त्यातली शेवटची सात वर्षं चव तपासणाऱ्यांचा गट चालवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

दोष नाही, हे मी तुमचं नाक न तपासताच सांगतो. डब्यातलं खोबरं खवट झालंय हे तुम्हाला झाकण उघडताच कळतं ना? दूध नासायच्या बेतात आहे, खालची आमटी लागतेय, पावसाळ्यात कपाटातल्या चादरीला कुबट वास येतोय, हे कळतं ना? मग काम करणारं नाक आहे. माझी सांगलीची आत्या ओट्यापासून दोन खोल्या लांब बसून "मोहरी जळली, आता कढीपत्ता घालू नको" असं सांगायची. तिने आयुष्यात बिअर चाखली नाही, पण माझ्या गटात असती तर निम्म्या लोकांना घरी पाठवलं असतं. तिच्याकडे जे होतं ते म्हणजे वास आणि त्याचं नाव यांची घट्ट बांधलेली जोडी. तुमच्याकडे स्वयंपाकघरातल्या जोड्या तयार आहेत. बिअरच्या ग्लासापाशी आलात की तुम्ही त्या बाहेर ठेवून येता.

आधी एक छोटा प्रयोग करा. चमचाभर पिठीसाखरेत चिमूटभर किसलेलं जायफळ मिसळा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि मिश्रण जिभेवर ठेवा. गोड लागेल, थोडं खरखरीत लागेल, बस. पाच-सहा सेकंदांनी नाक सोडा. श्रीखंड एकदम घशाच्या मागून वर येईल. ज्याला आपण जायफळाची 'चव' म्हणतो ती जिभेवर नव्हतीच. तोंडातली वाफ घशामागून नाकात चढते आणि तिथे ओळखली जाते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी एवढंच समजतं. उमामीला नाव दिलं ते जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली, कोंबू या समुद्री शेवाळाच्या रस्स्यावर काम करताना. नाकात मात्र वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात. सर्दीत जेवण बेचव का होतं ते यातूनच कळतं. आणि हो, शाळेच्या पुस्तकातला तो जिभेचा नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, तो विसरा. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, फरक असलाच तर किरकोळ.

आता नावांकडे. वासांना नावं देणं बहुतेक माणसांना जड जातं. इंग्रजीत वास सांगायचा तर सहसा 'अमक्यासारखा' म्हणावं लागतं. मलेशियाच्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत वासांसाठी स्वतंत्र शब्द आहेत, आणि रंगांची नावं सांगावीत तितक्या सहज ते वासांची नावं सांगतात, असं संशोधकांना आढळलं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण मराठीत काय कमी आहे? खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, कोंदट, आंबूस, हिरवट, उग्र, ओशट, मचूळ. यातला एकही शब्द 'अमक्यासारखा' नाही. आणि यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मी बिअरसाठी वापरतो.

'खमंग' घ्या. बेसन मंद आचेवर भाजताना एका क्षणी त्याचा कच्चा वास जातो आणि घर भरतं. धान्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकमेकांशी जुळतात, त्यातून शेकडो नवे वास तयार होतात. याला मायार प्रक्रिया म्हणतात. बिअरचं माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत सुकवलेलं जव, आणि सगळा खेळ भट्टीच्या तापमानाचा. फिकट पिल्सनर माल्ट ८०-८५ अंशांच्या आसपास सुकवतात, त्याला ताज्या पावाच्या गराचा, थोडा ओल्या कणकेचा वास. म्युनिक माल्ट त्याहून जास्त तापवलेलं: भाजलेलं बेसन, भाकरीचा पापुद्रा. कॅरमल माल्टमध्ये काकवी. आणि २०० अंशांच्या पुढे भाजलेलं काळं माल्ट म्हणजे कॉफी, कडेला जळलेली पोळी, करपट. तुमच्या मित्राला जे 'बिस्किट' लागतं ते यांच्यापैकीच काहीतरी. तुम्ही बिस्किट म्हणू नका. बेसनाचा लाडू म्हणा, चालेल. शब्द तुमचा हवा आणि दर वेळी त्याच वासाला तोच हवा, एवढीच अट.

परदेशी शब्द नुसते पाठ करण्यात अडचण कुठे येते ते बघा. ऊन लागलेल्या बिअरला जगभर 'स्कंक' म्हणतात. स्कंक हा अमेरिकेतला प्राणी, आपल्यापैकी कितीजणांनी हुंगलाय? मला तो वास जळक्या रबराचा वाटतो. गटातला एक मुलगा पहिल्यांदा लाजत म्हणाला, "सर, गांजाचा वास येतोय." तो सगळ्यांत बरोबर होता: त्या वासाचा मूळ रेणू गांजाच्या उग्र वासातही असतो, हे २०२१ मध्ये रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिलं. पुस्तकातला शब्द शोधत बसला असता तर गप्पच राहिला असता.

बिअरच्या वासांचं एक प्रसिद्ध चक्र आहे, मॉर्टेन माइलगार्ड यांनी १९७०च्या दशकात तयार केलेलं. व्यवसायात ते लागतं, कारण मुंबईच्या ब्रूअरने लिहिलेलं कोपनहेगनच्या ब्रूअरला कळायला हवं. पण सुरुवात त्या चक्रापासून केलीत तर तुम्ही वास न घेता शब्द वाचून अंदाज बांधाल. हे मी दर वर्षी नव्या मुलांमध्ये बघतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या नोकरीत एका टँकमधली लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर, मला फार आवडली. वहीत लिहिलं, 'मऊ, गोलसर, भरलेली'. तीन आठवडे हेच लिहीत होतो. एके दिवशी वरिष्ठांनी डबीतून घरचं लोणी आणलं, साय विरजून काढलेलं, आणि म्हणाले, "आधी हे हुंग, मग ग्लास." झालं. त्यानंतर ती बिअर मला कधी पिता आली नाही. त्यात डायअॅसिटिल होतं. लोण्याला लोण्याचा वास देणारा हाच रेणू. लोण्यात तो विरजणातले जिवाणू बनवतात, बिअरमध्ये तो यीस्टच्या कामातून येतो. यीस्टला वेळ दिला तर तेच तो परत गिळूनही टाकतं. म्हणून लागर ११-१२ अंशांवर आंबवली की शेवटी दोन-तीन दिवस तापमान १६-१८ अंशांपर्यंत चढू देतात. आमच्याकडे शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी टँक घाईने थंड केला होता. फिकट लागरमध्ये लिटरला एक मिलिग्रॅमचा दहावा भाग इतकं कमी डायअॅसिटिल असलं तरी जाणकाराला ते जाणवतं. जिभेवर ओशटपणा येतो ही दुसरी खूण. (काही इंग्लिश एल, म्हणजे जरा उबेत आंबवलेल्या बिअर, आणि चेक लागरमध्ये ते थोडं असणं मान्य आहे. दोष की शैली हे देशावर ठरतं.)

वास तीन आठवडे माझ्या नाकात शिरतच होता. शेजारी लोणी ठेवल्यावर तो वेगळा झाला. शिकायची पद्धत हीच, दुसरी मला माहीत नाही: ओळखीची वस्तू आणि ग्लास शेजारी-शेजारी ठेवायचे, आलटून-पालटून हुंगायचं.

तुमच्या मित्राच्या केळं-लवंगेवर हे करून बघा. हेफेवायझन मागवा, म्हणजे गव्हाची जर्मन पद्धतीची गढूळ बिअर. सोबत जास्त पिकलेलं वेलची केळं आणि दोन लवंगा घरून न्या, वेटर हसला तर हसू द्या. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, जो पिकलेल्या केळ्यातही असतो. या जातीचं यीस्ट तो भरपूर बनवतं, जास्त उबेत आंबवलं तर आणखी. जाता जाता, मधमाशी डंख मारताना बाकीच्या माश्यांना धोक्याचा इशारा देते त्यातही मुख्य हाच पदार्थ असतो, तेव्हा पोळ्याखाली बसून हेफेवायझन पिऊ नये. लवंगेचा वास मात्र लवंगेतल्या युजेनॉलचा नाही, त्याच्या चुलतभावाचा आहे, म्हणून तो हुबेहूब जुळणार नाही. किंचित धुरकट वाटेल. पण लवंग हुंगून लगेच ग्लास हुंगलात की 'अच्छा, हे होय' असं नक्की होईल. बेल्जियन विटबिअरमध्ये, म्हणजे तिकडच्या गव्हाच्या बिअरमध्ये, तर धणे सरळ घातलेलेच असतात, संत्र्याच्या सालीसोबत. धण्यांचा मुख्य सुगंधी घटक लिनालूल, आणि तोच हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या, कित्येक जातींतही असतो. नुसत्या हॉप्सच्या आयपीएत, म्हणजे हॉप्स भरपूर असलेल्या एलमध्ये, कुणाला धणे लागले तर मी त्याला मान डोलावून दाद देतो.

दोषांचे वासही असेच घरात सापडतात. काळं मीठ पाण्यात टाका: तो गंधकाचा वास, हायड्रोजन सल्फाइडचा, आंबत असलेल्या लागरच्या टँकवर हमखास असतो आणि पुढे मुरताना निघून जायला हवा. मक्याच्या डब्यातलं पाणी किंवा कणीस उकडल्यावरचं पाणी: फिकट माल्टमधून येणारा डायमिथाइल सल्फाइड, वर्ट (माल्टचा गोड काढा, ज्याची पुढे बिअर होते) झाकण लावून उकळला किंवा कमी उकळला तर बिअरमध्ये राहतो. कच्च्या सफरचंदाचा हिरवट वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, बहुधा बिअर टँकमधून लवकर काढल्याची खूण. दवाखान्यातल्या पट्टीचा वास आला तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या. आणि जुनी, उबेत पडलेली बाटली ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हा पुठ्ठा आणि आपले खवट शेंगदाणे एकाच घराण्यातले: दोन्हीकडे स्निग्धाम्लांचं विघटन होऊन त्याच कुळातली अल्डिहाइडं तयार होतात. एक बाटली फ्रीजमध्ये, तिचीच जुळी मे महिन्यात माळ्यावर ठेवा, आणि महिन्याने दोन्ही थंड करून शेजारी उघडा.

एक कबुली. उकडलेल्या मक्याच्या बाबतीत माझं नाक बोथट आहे. गटातल्या दोघींना जिथे तो ठसठशीत येतो तिथे मला काहीच येत नाही. हे जन्मजातही असतं, जसं काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते. म्हणून कुठलीही शहाणी ब्रूअरी एका नाकावर विसंबत नाही. तुम्हालाही एखादा वास कधीच सापडला नाही तर त्यात कमीपणा नाही, फक्त तो कुठला हे माहीत असू द्या.

नाकाचं पुष्कळ झालं, पण जिभेच्या बाबतीत एक घोळ नव्यांपैकी जवळपास सगळेच घालतात: कडू आणि तुरट यांत. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श. सुपारी, कच्चं केळं, जांभूळ, जास्त उकळलेला कोरा चहा यांतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंडाचं वंगण जातं. गाल आतून खरखरीत होतात. हॉप्सचा कडवटपणा मेथीदाण्याच्या किंवा कारल्याच्या बाजूचा, घोट गेल्यावर हळूहळू चढणारा. बिअर तुरट लागली तर हॉप्सना दोष देऊ नका, बहुतेक वेळा माल्टची टरफलं फार गरम किंवा फार जास्त पाण्याने धुतली गेलेली असतात. तिखट हाही स्पर्शच, उष्णता जाणवणाऱ्या मज्जातंतूंचा. आयुर्वेदाने षड्रसांत तुरट आणि तिखट धरले ते जिभेला काय जाणवतं त्या अंगाने बरोबरच आहे. गंमत अशी की संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत येताना 'कडू'ने पार्टी बदलली.

बिअर पीत नसलेल्यांनाही मी आंबटाचा सराव देतो, कारण त्यातून जीभ सगळ्यात पटकन तीक्ष्ण होते. पाच वाट्या घ्या: चिंचेचं पाणी, आमसुलाचं पाणी, लिंबू, ताकाची निवळ आणि पातळ केलेलं व्हिनेगर. आंबटपणा साधारण सारखा होईपर्यंत पाणी घालत जा. मग लक्षात येतं की आंबट ही एक गोष्ट नाहीच. लिंबातलं सायट्रिक आम्ल झटकन येतं आणि झटकन जातं. चिंचेचं टार्टरिक कडक, दात आंबवणारं. ताकातलं लॅक्टिक मऊ, रुंद, रेंगाळणारं. व्हिनेगर जिभेआधी नाकात घुसतं. आमसूल आंबटासोबत थोडं तुरट होतं आणि मागे एक फळाचा गडद वास ठेवतं. हे जमलं की बर्लिनर वाइस किंवा गोझसारखी आंबट बिअर प्यायल्यावर 'ताकाच्या बाजूची' हे आपोआप तोंडातून निघतं, आणि त्यात व्हिनेगर डोकावलं की कान टवकारतात. एकदा तर एका मुलाने याच सवयीने सोलकढीत आमसूल कमी आणि लिंबू जास्त पिळलंय हे हॉटेलात पकडलं. आचाऱ्याने कबूल केलं नाही, ते सोडा.

डोळ्यांपासून मात्र सावध. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या प्रयोगात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वासहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. बिअर गडद दिसली की आपल्यालाही कॉफी लागायला लागते. म्हणून घरच्या सरावाला स्टीलची फुलपात्रं वापरा. तीन सारखी फुलपात्रं, दोनात एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. भरणारा वेगळा माणूस. वेगळं कोणतं तेवढंच ओळखायचं. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात, आणि ती १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत बिअरसाठीच वापरात आली. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं, तेव्हा एका यशावर भाळू नका. बारापैकी आठ वेळा बरोबर आलं तर ते नशीब नाही असं आम्ही धरतो. बारा फेऱ्या एका बैठकीत करायच्या नाहीत. तीस-चाळीस मिलिलिटरचा घोट, रोज दोन-तीन फेऱ्या, पुरे. झिंगलेलं नाक काही कामाचं नसतं. (महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, हे वाचणाऱ्या धाकट्यांनी आंबटाच्या वाट्यांवर समाधान मानावं.)

बाकी पथ्यं थोडी. आधी तासभर पान, तंबाखू, कॉफी नको, अत्तर तर मुळीच नको. सोबत मसाला शेंगदाणे नकोत, पावाचा पांढरा गर आणि पाणी ठेवा. ग्लासला भांड्यांच्या साबणाचा अंश असला की फेस बसतो आणि लिंबाचा खोटा वास येतो. फार थंड बिअरमधून वास उठतच नाही. लागर ५-७ आणि एल १० अंशांच्या आसपास येऊ द्या, नाहीतर ग्लास तळहातांत धरून बसा. घोटाआधी हुंगा, दोन-तीन छोटे हुंगे, कारण नाक मिनिटाभरात त्या वासाला सरावतं. सरावलं की स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगायची, हा जुना उपाय चालतो. आणि पहिला शब्द लगेच लिहा, शेजाऱ्याने तोंड उघडायच्या आत. गटात एकजण 'आंबा' म्हणाला की सगळ्यांना आंबा लागतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आमच्याकडे पहिली पाच मिनिटं बोलायलाच बंदी आहे.

तुमच्या पेटीबद्दल. सहा महिन्यांनी, घरच्या जोड्या पक्क्या झाल्यावर आणि चव तपासण्याची परीक्षा द्यायची असेल तर घ्या. आत्ता पैसे घालवू नका. या रविवारी हे करा: जरा जास्त हॉप्स असलेली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता. एक काळ्या कापडाखाली घरात, दुसरा गॅलरीत कडक उन्हात. उजेडाने हॉप्समधला कडू पदार्थ फुटतो, गंधकाशी जुळतो आणि लिटरमध्ये नॅनोग्रॅमच्या हिशेबात असला तरी नाकाला टोचणारा तो रेणू तयार होतो. तपकिरी बाटली यासाठीच असते, हिरव्या बाटलीचा फारसा उपयोग होत नाही. पुण्याच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, ढगाळ असेल तर जास्त लागतील. मग दोन्ही ग्लास थंड करून हुंगा आणि तुम्हाला तो वास कशाचा वाटला ते खाली लिहा. रबर की गांजा, की तिसरंच काही, मला खरंच उत्सुकता आहे.